एक नंबरचा रिमोट

मशीन घरी आणली त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, दुकानाच्या कामाची आहे. खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं, तेही जमलं नाही. वीतभर पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या काड्या, चार रंगीत बटणं. असल्या वस्तूवर कुणी पीकविम्याचे फॉर्म भरतं का? तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "अहो, यातून सातबारा कुठून निघतो तेवढं दाखवा." मी म्हणालो, चार्जिंग झाली की दाखवतो. ती अजून वाट बघतेय.

माझं नेकनूरला बसस्टँडजवळ झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पुण्यात नोकरी करणारा गावातलाच एक इंजिनिअर आहे. त्यानं नवी मशीन घेतली आणि जुनी माझ्या गळ्यात मारली. गळ्यात मारली असं मी बायकोसमोर म्हणतो. खरं तर मीच दोन महिने त्याच्या मागं लागलो होतो. दिसायला खेळणं, पण आत अख्खा कॉम्प्युटर. विंडोज चालतं, माऊस लागतो, टीव्हीला जोडता येते. फक्त उन्हाळ्यात नवा गेम लावला की तिचा पंखा असा फणफणतो, की आई आतून विचारते, कुकर कुणी लावलाय. आणि त्या नव्या गेमचं माझं वयही राहिलं नाही. अर्धा तास नुसती गोष्ट सांगत बसतात, तोवर माझा डोळा लागतो.

मला पाहिजे होते जुने गेम. पिवळ्या कॅसेटवाले. ज्यांच्यावर एका कॅसेटीत हजारो गेम लिहिलेलं असायचं आणि आत निघायचे सातच, तेच पुन्हापुन्हा. ते नव्या मशीनवर चालवायचे तर एम्युलेटर लागतो. म्हणजे नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावायचं. आपल्याकडं बहुरूपी यायचा बघा, पोलिसाचा ड्रेस घालून दारात उभा राहायचा आणि म्हाताऱ्या माणसांना घाम फुटायचा, तसलंच हे. गेमला वाटतं आपण जुन्याच डब्यात आहोत आणि तो बिचारा सुरू होतो. वर आणखी दोन सोयी. खेळता खेळता जिथं असाल तिथं सगळं जसंच्या तसं थांबवून साठवून ठेवता येतं, आणि चूक झाली तर एक बटण दाबून खेळ मागं नेता येतो. मेलेला माणूस उलटा चालत येऊन जिवंत होतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो होतो, आणि सातबाऱ्यासाठी आलेला एक म्हातारा माझ्याकडं बघून बाकावर जरा लांब सरकून बसला.

आठवडाभर मी गाड्या पळवल्या, बदकं मारली, विटा फोडल्या. माझी मुलगी एकदा डोकावली आणि यातली माणसं चौकोनी का आहेत म्हणून विचारून मामाच्या गावाला निघून गेली. शेवटी मी तो गेम लावला जो मला खरा लावायचा होता आणि ज्याला मी आठवडाभर हात लावला नव्हता. दोन बंदुकवाल्या गड्यांचा. तो एकट्यानं खेळायचा गेमच नाही. मशीनला वायरचे दोन रिमोट जोडून बायकोला शेजारी बसवलं. ती तीनदा मेली आणि भाकरी करपली म्हणून उठून गेली. एक गडी पडद्यावर तसाच उभा राहिला. मला दाजींची इतकी आठवण आली, की मी मशीन बंदच करून टाकली.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. तलवाड्याचे. थोडी कोरडवाहू जमीन, आणि दिवाळी झाली की सहा महिने ऊसतोडीला कारखान्यावर. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला ते आले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दिवाळसणाला जावयाला द्यायचं असतं, जावयानं आणायचं नसतं. पण दाजींनी पिशवीतून एक डबा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. आदल्या हंगामात कारखान्याजवळच्या बाजारातून घेतलेला टीव्हीचा गेम. म्हणाले, "बारक्या, तुला आनलाय." मला सगळं गाव नावानं हाक मारायचं. बारक्या म्हणणारे ते एकटेच.

त्या डब्याला दोन रिमोट होते. एक नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटण असायचं, दोन नंबरच्याला नसायचं. म्हणजे गेम चालू करणं आणि थांबवणं एक नंबरवाल्याच्या हातात. अर्थात मी एक नंबर धरला. वडिलांनी तो माझ्या हातातून काढून दाजींना दिला. जावई बसलेले असताना मान कुणाचा, एवढंही कळत न्हाई का, म्हणाले. तेव्हापासून एक नंबरचा रिमोट दाजींचा. ते सहा महिने तोडीवर असले तरी मी घरी एकटा दोन नंबरनं खेळायचो आणि चालू करायला तेवढा एक नंबर उचलून परत ठेवून द्यायचो.

दर उन्हाळ्यात तोडीवरून आले की दोन दिवस आमच्याकडं मुक्काम. डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा आडवा वण, त्यामुळं त्यांचा गडी उडी मारायला नेहमी जरा उशीर करायचा. त्या गेममध्ये एक धबधबा आहे. खडकांवरून वर वर चढायचं. पुढचा घाईनं चढला, की पडदा वर सरकतो आणि मागचा खाली राहून मरतो. घाई मी करायचो, मरायचे दाजी. पण ते चिडायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, दमानं रे बारक्या. दुसरी एक गंमत त्यात होती. आपले जीव संपले, तर एक बटण दाबून जोडीदाराच्या जिवांतला एक उसना घेता यायचा. माझे संपले की मी विचारायचोसुद्धा नाही, दाबायचो बटण. एकदा असेच शेवटच्या लेव्हलला पोचलो. पोचलो म्हणजे काय, समोर दिसायला लागलं सगळं. आणि लाईट गेली. त्या काळी आमच्याकडं लाईट जायची ती संध्याकाळी जायची आणि थेट दुसऱ्या दिवशी उगवायची. सगळं पुसलं गेलं. अंधारात दाजी म्हणाले, पुढल्या साली बघू. पुढल्या सालापर्यंत डबा जळाला होता.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते सांगतो. हे दाजी माझ्याशी बारा वर्षं बोलत नव्हते, आणि चूक माझी होती.

माझं लग्न ठरलं तेव्हा दुकान नवीन होतं. पत्रिका मीच टाईप करणार म्हणून छाती फुगलेली. आमच्याकडं पत्रिका म्हणजे अर्धी ग्रामपंचायत. आपले नम्र, निमंत्रक, विनीत, संयोजक, सगळा भावकीचा गोतावळा नावानिशी आला पाहिजे, आणि ज्याचं नाव राहिलं तो मेल्याशिवाय विसरत नाही. मी दाजींचं नाव मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. मानाची ओळ म्हणून. एकटी, ठळक, मध्यभागी. छापायला द्यायच्या दिवशी चुलते एक चिठ्ठी घेऊन आले. त्यात एका पुढाऱ्याचं नाव, आणि ते मोठ्या अक्षरात वर गेलंच पाहिजे म्हणून हुकूम. मी घातलं. आता त्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चौकटीत बसवतात, आणि जी ओळ चौकटीबाहेर गेली ती छापतच नाही. खाली एक बारीक लाल खूण तेवढी दिसते. मी खूण पाहिली नाही. वरून पुढारी आत आला, खालून दाजी बाहेर गेले. पाचशे पत्रिका वाटून झाल्या.

हळदीच्या आदल्या दिवशी दाजी मांडवात आले. हातात पत्रिका. सोबत त्यांचे दोन भाऊ, आणि आमची सगळी भावकी बसलेली. त्यांनी अगदी हळू विचारलं, बारक्या, माझं नाव दिसंना यात. मी तेव्हाच पत्रिका नीट पाहिली. त्या क्षणी म्हणायचं होतं, दाजी, चुकलो. पण चोवीस वर्षांचं वय, नवीन दुकान, चार माणसांत आपलं काम चुकलं हे कबूल कोण करणार? मी म्हणालो, "जागा न्हवती, दाजी."

ते म्हणाले, बरं. त्यांनी लग्नात पंगती वाढल्या, पाण्याचे जार उचलले, अक्षता टाकल्या. जेवले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात त्यांनी अन्नाचा कण घेतला नाही की माझ्याशी शब्द बोलले नाहीत. वडील गेले तेव्हा आले, खांदा दिला, दहाव्यापर्यंत सगळं केलं, आणि घास न घेता गेले. मी समोर असलो तर अक्काला म्हणायचे, तुझ्या भावाला सांग. कॉम्प्युटरची चूक झाली हे सगळ्यांनी त्यांना सांगून झालं. मी एकदा वेगळी पत्रिका छापून घेऊन तलवाड्याला गेलो होतो, वर नुसतं दाजींचं नाव, पुढाऱ्याच्या दुप्पट अक्षरात. अक्काला म्हणाले, ह्याला चहा दे, आणि शेतात निघून गेले. मी मूर्ख. माणूस ओळीवर रुसलेला नव्हता. मी जे बोललो त्यावर रुसला होता, आणि ते वाक्य मी कधी परत घेतलं नव्हतं.

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येतो, जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे, पाटावर बसवून ओवाळायचं. माझ्या लग्नानंतरचे चार धोंडे असेच कोरडे गेले होते. अक्का यायची, आई डबा भरून द्यायची, दाजी तो आपल्या घरी खायचे की नाही देव जाणे. आईनं यंदा मला समोर बसवून सांगितलं. तिला काही दुखत-खुपत नाही, पण वय झालंय, आणि पुढचा धोंडा ती बघेल याची तिला खात्री नाही. "एकडाव जावयाला माझ्या घरात जेवताना बघायचंय मला," ती म्हणाली. "तूच घालवलाय, तूच आन."

आता आणायचा म्हणजे काय शेळी आहे का दावं धरून आणायला? मी चुलत्यांना मध्ये घातलं, त्यांना दाजींनी पाणी पाजून परत पाठवलं. अक्काला फोन केला. ती म्हणाली, मी घेऊन येईन, पण दाराच्या आत आणणं माझ्या हातात न्हाई. दाजींसाठी कपडे घेतले, फेटा घेतला. बायको म्हणाली, एवढं सगळं घेतलं, तोंडानं काय बोलणार ते ठरवलंय का? मला राग आला. बायको बरोबर बोलली की मला राग येतो.

ठरल्या दिवशी आई पहाटेपासून चुलीपुढं. उन्हानं पत्रे तडतडत होते. बायकोनं पाट मांडला, रांगोळी काढली, समई लावली. अकराच्या सुमाराला मोटारसायकल आली. अक्का उतरून आत आली, दाजी लिंबाखाली गाडी लावून गाडीवरच बसले, डोक्याला उपरणं बांधून. केस पांढरे झालेले. मी बाहेर जाऊन म्हणालो, दाजी, आत चला. त्यांनी लिंबाच्या बुंध्याकडं बघत अक्काला हाक मारून सांगितलं, तुझ्या भावाला सांग, मला घाई हाय, तुझं झालं की निघायचं. मी दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. आत येऊन मी मोठ्यानं म्हणालो, बसू द्या उन्हात, मी काय पाय धरू का! आईनं हातातला झारा खाली ठेवला आणि डोळ्याला पदर लावला.

मला काय करावं सुचेना. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी काहीतरी बटणं दाबतो. मशीन टीव्हीला जोडलेलीच होती. बोर्डावर दोनच प्लग, एकात टीव्ही, एकात कूलर, म्हणून मशीन बॅटरीवर. मी दिवाणावर बसून तो दोन गड्यांचा गेम लावला. बायको म्हणाली, आत्ता? गेमची ती सुरुवातीची धून वाजली. उन्हामुळं दार सताड उघडं होतं. खरं सांगतो, हे मी ठरवून केलं नव्हतं. लोक मला हुशार समजतात, समजू देत.

पहिल्या लेव्हलला मी मेलो. पुन्हा लावला. पुन्हा मेलो, कारण लक्ष कुठं होतं? तिसऱ्यांदा मरत होतो तेव्हा पडद्यावर सावली पडली. दाजी उंबऱ्याबाहेर उभे. माझ्याकडं नाही, टीव्हीकडं बघत. मग दाराच्या चौकटीला म्हणाले, "वरच्या फळीवरनं जायला पायजे होतं."

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. अक्कानं दुसरा रिमोट उचलला आणि दाजींना द्यायला हात लांब केला. वायर उंबऱ्यापर्यंत पोचेना. अक्का ओढायला लागली तशी दिवाणावरची मशीन सरकायला लागली. दाजी म्हणाले, आगं तुटल ते. आणि मशीन पडू नये म्हणून ते आत आले. चपला काढून आले. दिवाणाच्या पार दुसऱ्या टोकाला, अर्ध्या मांडीवर, कधीही उठता येईल असे बसले. मी माझ्या हातातला एक नंबरचा रिमोट त्यांच्याकडं सरकवला आणि अक्काच्या हातातला दोन नंबरचा घेतला. त्यांनी रिमोटकडं पाहिलं, स्टार्टवर वण असलेला अंगठा ठेवला आणि दाबला.

आम्ही खेळलो. पहिली लेव्हल गेली, दुसरी गेली. आपल्या हातांना किती लक्षात राहतं! कोण कुठं थांबणार, कुणी खाली लोळायचं, कुणी वर मारायचं, सगळं जागच्या जागी. मग धबधबा आला. आणि छत्तीस वर्षांचा घोडा झालो तरी मी तेच केलं. घाईनं वर चढलो, पडदा सरकला, दाजींचा गडी खाली राहून मेला. मी पटकन मशीनवरचं मागं न्यायचं बटण दाबलं. पाणी उलटं वर गेलं, दाजींचा गडी मेलेला उठून खडकावर येऊन उभा राहिला.

"बारक्या," दाजी म्हणाले, "हे काय केलंस?"

बारा वर्षांनी ती हाक आली. मी सांगितलं, यात मागं नेता येतं. साठवूनही ठेवता येतं, लाईट गेली तरी पुसत नाही. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, साठवणं-बिठवणं नको आणि मागं तर मुळीच न्यायचं नाही, मेलो तर मेलो. पुन्हा एकदा माझ्याकडं न बघता म्हणाले, दमानं चढ की जरा. मी दमानं चढलो. खडक आला की थांबायचो. त्यांचा गडी उडी मारायला आणखीच उशीर करत होता आता.

चाळीस मिनिटं गेली असतील. पुरणाचा वास घरभर, पण जेवायला बसा म्हणायची कुणाची हिंमत नाही. शेवटच्या लेव्हलला पोचलो तेव्हा दाजी अर्ध्या मांडीवरून पुऱ्या मांडीवर आले होते. आणि, विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, लाईट गेली. टीव्ही काळा, कूलर घरघरत थांबला. पत्र्याखाली लगेच भट्टी झाली. दाजींनी रिमोट खाली ठेवला. हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. म्हणाले, आपल्या नशिबात ह्याचा शेवट न्हाईच, आणि पायात चपला घालायला उठले.

"गेली न्हाई, दाजी," मी म्हणालो. "हितं चालू हाय."

मशीनच्या वीतभर पडद्यावर गेम उजळला होता. दोघं गडी तसेच उभे. दाजी वाकून बघायला लागले. तेवढ्या पडद्यावर दिवाणाच्या दोन टोकांवरून काय दिसणार? मी मशीन मांडीवर घेतली, ते सरकत सरकत आले आणि आमची डोकी जवळजवळ एकमेकांना लागली. त्यांच्या उपरण्याला उन्हाचा आणि पेट्रोलचा वास येत होता. वर कोपऱ्यात बॅटरी नऊ टक्के दाखवत होती.

तिथं त्यांचे जीव संपले. गडी गेला. दाजी रिमोट धरून नुसते बसले. माझ्याकडं तीन जीव होते. एक बटण दाबलं की झालं. मी म्हणालो, घ्या की माझा. त्यांनी मान हलवली. माझ्या घरचं पाणी न पिणारा माणूस माझा जीव कसा घेणार? माझा गडी एकटा गोळ्या चुकवत उभा होता आणि मला कळलं, की आता नाही बोललो तर तो पाट तसाच राहणार आणि आई डबा भरायला घेणार.

"दाजी," मी म्हणालो, "पत्रिकेत जागा होती. लई होती. तुमचं नाव माझ्या हातनं पडलं, आन ते चार मान्सांत कबूल करायची लाज वाटली म्हनून मी तुमच्यावर ढकललं. जागा न्हवती हे मी खोटं बोललतो."

बोलताना मी पडद्यावरनं नजर काढली होती, त्यामुळं माझा एक जीव गेला. दोन राहिले. मला रडू येत होतं, ते सांगायला कशाला लाजायचं. दाजींनी हातातला रिमोट सरळ धरला. मग त्यांचा तो वणाचा अंगठा हळूच बटणावर गेला आणि दाबला. माझ्या दोनातला एक कमी झाला आणि त्यांचा गडी वरून उडी मारून माझ्या गड्याशेजारी येऊन उभा राहिला.

"हेवढं बोलायला बारा साल लागले व्हय?" ते म्हणाले.

समोर शेवटचं धूड आलं होतं. दोघांकडं एकेक जीव, बॅटरी चार टक्के. मी बटणं आवळून धरली. आणि दाजींनी स्टार्ट दाबून गेम थांबवला. मला वाटलं, चुकून दाबलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आई तिथं तशीच उभी होती, मघापासून, घामानं डबडबलेली.

"साठवून ठिवता येतं म्हनालास ना?" दाजी म्हणाले. "ठिव मग. ऱ्हायलेलं जेवून बघू."

मी साठवलं. दोनदा साठवलं, खात्री असावी म्हणून. दाजी उठले, हात धुतले आणि पाटावर जाऊन बसले. धोंड्याला पाट एकट्या जावयाचा असतो, घरच्या पुरुषांनी मागून बसायचं. मी बाजूला हातपंखा घेऊन उभा राहिलो. आईनं ओवाळलं, ताट ठेवलं. दाजींनी घासाला हात लावला नाही. ते पाटावरून थोडे एका अंगाला सरकले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "ह्याचंबी ताट आना हितं. जागा हाय."

आई धोंड्यांवर तूप वाढत होती. ती धार काही तिच्यानं थांबवली गेली नाही. तूप ताटाच्या कडेवरून रांगोळीत गेलं, आणि आम्ही दोघं मुकाट्यानं जेवत राहिलो.